पोचलात का?

सहाव्या भागातला चौदावा सीन. रात्रीचा एक वाजून गेला आहे. खाडीकाठच्या कांदळवनातून दोन पोलीस अधिकारी बाहेर येतात, पाय पोटरीपर्यंत चिखलात बरबटलेले. तो कळव्याकडे वळतो, ती ऐरोलीकडे. पुढच्या दृश्यात तो घरी नळाखाली पाय धुतोय. पाय पुसून मोबाइल घेतो आणि तिला मेसेज टाकतो, "पोचलात का?" तिचं उत्तर येतं, "हो. झोपा आता." सीन संपला.

लिहिताना मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. चिखलातल्या लांबलचक प्रसंगानंतर बघणाऱ्याला जरा श्वास घ्यायला जागा, एवढंच. पण पुढचे अडीच महिने आमची अख्खी मालिका या एका मेसेजपाशी अडून बसली. तपासाच्या मालिकेत तोलामोलाचे एक पुरुष आणि एक बाई आहेत, त्यांच्यात प्रेमप्रकरण नाही, आणि तरीही त्यांचं नातंच मालिकेचा कणा आहे, हे लिहायचं कसं, हे मी या अडीच महिन्यांत शिकले. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवते आहे.

हद्दीचा प्रश्न

आम्ही चौघं. कथा-पटकथा दोघांची, संशोधन एकाचं, संवाद माझे. बसायची जागा घंटाळीतल्या एका फ्लॅटची मागची खोली. मालिका दहा भागांची, एका ओटीटीसाठी.

कळव्याहून बेलापूर रस्त्याला लागलं की विटाव्याचा रेल्वेपूल येतो. पुलाखालून पलीकडे गेलं की दिघा. रस्ता तोच, रिक्षा त्याच, पण अलीकडे ठाणे महापालिका आणि पलीकडे नवी मुंबई. पोलिसांचंही तसंच. ठाण्याचं आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. आमच्या पहिल्या भागात याच पट्ट्यात खाडीत एक प्रेत सापडतं. भरतीला ते एका हद्दीत असतं, ओहोटीला दुसऱ्या. पूर्वी 'आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणून माणसाला परत पाठवणं सर्रास चालायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्टच आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची. म्हणजे झिरो एफआयआर. आमच्या कथेत ठाण्याचा अधिकारी तो नोंदवतो, कागद खाडीपलीकडे जातात, आणि तिकडची अधिकारी कागदांबरोबर त्यालाही बोलावून घेते.

कल्पनेचं मूळ सांगून टाकते. २०११ मध्ये आलेल्या 'द ब्रिज' या स्वीडन-डेन्मार्कच्या मालिकेत ओरेसुंड पुलावर, दोन्ही देशांच्या सीमेवर बरोबर मधोमध प्रेत मिळतं आणि स्वीडनची सागा नोरेन व डेन्मार्कचा मार्टिन रोडे एकत्र तपासाला लागतात. ती मालिका पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती विटाव्याची खाडी. मी कळव्यात वाढले. हद्दीचा वाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

दोन्ही पात्रांची नावं ठरत नव्हती, म्हणून फळ्यावर आम्ही त्यांना 'ठाणे' आणि 'वाशी' लिहिलं आणि तीच सवय लागली. दोघेही सहायक पोलीस निरीक्षक. हुद्दा मुद्दाम सारखा ठेवला. ठाणे बिनलग्नाचा, आईबरोबर राहणारा. वाशी घटस्फोटित, मुलगा आठ वर्षांचा. इथेच खरी ठिणगी होती, हे आमच्या लक्षात उशिरा आलं. 'दिल्ली क्राइम'मध्ये शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी आणि राजेश तैलंगचा भूपेंद्र सिंग यांचा एकमेकांवर केवढा भरवसा आहे. त्यांच्यात 'काहीतरी' आहे का, असा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात येत नाही. ती वरिष्ठ, संसारी, मुलीची आई. हुद्दा आणि घर दोघांच्या मध्ये भिंतीसारखे उभे असतात आणि बघणारा निश्चिंत राहतो. आम्ही दोन्ही भिंती काढल्या होत्या.

"इथून सुरू झालं ना?"

सहा भाग वाचून निर्मितीकडचा क्रिएटिव्ह, म्हणजे त्यांच्या बाजूने कथेवर नजर ठेवणारा, खूश होऊन आला. मनापासून काम करणारा मुलगा, मला ताई म्हणतो. म्हणाला, "ताई, पोचलात का, एकदम मस्त. इथून सुरू झालं ना? मग आठव्यात त्याला जाणवू दे, नवव्यात तिला, दहाव्यात तोंडाने बोलायचंही नाही, नुसतं बघायचं."

मी म्हटलं, सुरू काही झालेलं नाही. ती घरी पोचली का, एवढंच त्याने विचारलं.

त्याला ते पटेना, आणि त्याची बाजू पोकळ नव्हती. आपल्याकडच्या मालिकांनी चाळीस वर्षं बघणाऱ्याला तेच शिकवलं आहे. १९८५ च्या 'करमचंद'मध्ये पंकज कपूर गाजर खात गुन्हे सोडवायचा आणि सुश्मिता मुखर्जीची किटी असायची ती त्याच्याकडून 'शट अप' ऐकून घ्यायला. 'सीआयडी' १९९८ पासून वीस वर्षं चाललं. त्यात शिवाजी साटमांचा एसीपी, दया, अभिजीत यांची मैत्री आपण घरच्यासारखी ओळखतो. पण प्रयोगशाळेत तारिका आली की अभिजीतचा सूर बदलायचाच. बाईने बरोबरीने तपासात उभं राहायचं आणि कुणाची कुणीच लागायचं नाही, ही जागा आपल्या पडद्यावर फारशी तयारच झालेली नाही.

मग त्याने दुसरं सुचवलं. प्रेम आहे, पण द्यायचं नाही. दहा भाग ताणायचं. त्यासाठी त्याने अमेरिकेतल्या 'मूनलायटिंग'चं उदाहरण दिलं. सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस यांची ही मालिका १९८५ साली सुरू झाली. १९८७ मध्ये दोघं एकत्र आली आणि त्यानंतर मालिका उतरणीला लागून १९८९ ला संपली. तेव्हापासून 'जोडी जुळली की मालिका मेली' हा टीव्हीवाल्यांचा ठाम समज आहे.

या समजाशी मला भांडावंसं वाटतं. त्या काळात मूनलायटिंगचे भाग वेळेवर तयार होत नव्हते, शेफर्डच्या बाळंतपणामुळे दोन्ही नट बराच काळ एका चौकटीत दिसेनात, विलिस सिनेमाकडे निघाला, १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला. एवढं सगळं बाजूला सारून दोष एका चुंबनावर टाकला गेला. उलट 'बोन्स'मधली जोडी २०१३ साली लग्न करते आणि मालिका २०१७ पर्यंत चालते. पण माझा खरा मुद्दा वेगळाच होता. ताणून धरलेलं प्रेम म्हणजे मैत्री नव्हे. ते प्रेमच असतं, फक्त हप्त्याने दिलेलं. प्रत्येक भागात बघणारा तपासाकडे अर्धं लक्ष ठेवून उरलेल्या अर्ध्यात वाट बघत बसतो. मला या दोघांच्या कामाकडे पूर्ण लक्ष हवं होतं.

तीन फसलेले उपाय

पहिला उपाय माझाच. तो मेसेज काढून टाकला. आणखीही असलं काही जिथे जिथे होतं तिथे कात्री लावली. चहा आणून देणं गेलं, जेवलात का गेलं, मुलाची चौकशी गेली. परत वाचलं तर दोघं बँकेच्या एकाच खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांसारखी झाली होती. प्रेमाचा संशय टाळताना मी आपुलकीच काढून टाकली होती. दोन दिवसांत सगळं परत घातलं.

दुसरा उपाय क्रिएटिव्हचा. "मग तो तिला ताई म्हणू दे, भाऊबीजेचा एक छोटा सीन टाकू." त्याला हे अगदी प्रामाणिकपणे सुचलं होतं. आपल्याकडे बाई-पुरुषाच्या नात्याला सुरक्षित करायचा हाच हुकमी मार्ग आहे, बायको नसेल तर बहीण. पण सारख्या हुद्द्याचा अधिकारी चौकीत तिला ताई म्हणणार नाही. तो मॅडम म्हणेल, ती सर म्हणेल. शिवाय भाऊ झाला की तो तिचं रक्षण करायला मोकळा, आणि ती हातात पिस्तूल असूनही ओवाळणारी.

तिसऱ्या उपायाला फार जागा देत नाही. ठाण्याला एक संशयी होणारी बायको द्यावी, असा तो होता. तासाभरात सगळ्यांनीच सोडला.

जोडीदार

या टप्प्यावर मी परत मागे जाऊन, जमलेल्या मालिका कशाने जमल्या हे बघत बसले. 'एलिमेंटरी' पूर्ण दुसऱ्यांदा पाहिली. सात हंगाम, १५४ भाग, २०१२ ते २०१९. शेरलॉक जॉनी ली मिलर आणि वॉटसन लूसी लिऊ, म्हणजे बाई. निर्माता-लेखक रॉबर्ट डोहर्टीने या दोघांत प्रेमप्रकरण होणार नाही हे सुरुवातीपासून ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं. ते साधलं कसं? व्यसनातून बाहेर पडलेल्या शेरलॉकवर लक्ष ठेवायला वॉटसनला नेमलेलं असतं. पगाराचं काम संपतं, तरी ती पगार चालू असल्याचं भासवून राहते. मग तो तिला तपास शिकवतो, मग ती स्वतंत्र होते, मग त्याच्या बरोबरीची होते. दर हंगामात नात्याला जायला पुढची पायरी आहे. प्रेमकथेची शिडी काढून घेतली, पण तिच्या जागी दुसरी शिडी लावली. सहाव्या हंगामाच्या शेवटी शेरलॉक तिला सांगतो की आपण एकमेकांवर प्रेम करणारी दोन माणसं आहोत. तोवर 'प्रेम' या शब्दाचा अर्थ त्या दोघांपुरता इतका पक्का झालेला असतो की ऐकणाऱ्याची गल्लत होत नाही.

'ब्रॉडचर्च' या ब्रिटिश मालिकेत दोन तपास अधिकाऱ्यांच्या नात्याची सुरुवातच चिडचिडीतून आहे. ऑलिव्हिया कोलमनची एली सुट्टीवरून परत येते तर तिला मिळेलशी वाटणारी जागा डेव्हिड टेनंटच्या हार्डीला दिलेली असते. तो तिला 'मिलर' म्हणत राहतो, नुसतं आडनाव. आपल्या मराठी कानाला हे लगेच कळतं, कारण आपलं निम्मं नातं संबोधनातच असतं.

आणि संबोधनावरून मला वडिलांचा शब्द आठवला. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तिन्ही पाळ्या करायचे. घरी आले की बोलण्यात सारखं 'माझा जोडीदार' यायचं. आज माझा जोडीदार आला नव्हता, आज जोडीदारामुळे बोटं वाचली. मशीनच्या दुसऱ्या टोकाला उभा असणारा माणूस. पुढे लग्नाच्या जाहिरातींनी हा शब्द इतका व्यापला की आज मी कुणाला माझा जोडीदार म्हटलं तर लोक नवरा समजतील. मी फळ्यावर ठाणे आणि वाशी यांच्या मध्ये तो शब्द लिहिला, वडिलांच्या अर्थाने. मशीनच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाने काय केलं तर तो विश्वासघात होईल? या प्रश्नाने आठवा भाग सुटला.

आमच्या कथेत मयताच्या फोनचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, येतात. त्यात एक नंबर वाशीच्या आधीच्या नवऱ्याचा निघतो. तो नंबर आधी ठाण्याच्या नजरेला पडतो. तिला त्रास नको म्हणून तो दोन दिवस गप्प राहतो, स्वतःच शहानिशा करतो. पुढे कळतं की संबंध किरकोळ होता, जुन्या गाडीच्या विक्रीचा.

हाच प्रसंग प्रेमकथेत असता तर? तिला वाचवायला त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणजे केवढं प्रेम, असं झालं असतं. आमच्या मालिकेत तिला ते समजतं आणि ती चौकीच्या मागच्या आवारात त्याच्यावर फुटते. माझ्या केसमधला कागद माझ्यापासून लपवला? काल मी साहेबांसमोर ज्या जबाबावर सही केली, तो अर्धवट माहितीवर केला. जे प्रेमकथेत त्यागाचं लक्षण ठरतं, ते जोडीदाराच्या नात्यात अक्षम्य असतं. हे एकदा हाताला लागल्यावर मला कुठलाही सीन प्रेमाकडे झुकतोय का, ते ओळखता यायला लागलं. 'द ब्रिज'च्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मार्टिनने खून केल्याचं सागाच्या लक्षात येतं आणि ती, त्याची सगळ्यात जवळची माणूस, ते पोलिसांना कळवते. ते बघून मला रात्री झोप लागली नव्हती. आमच्या भांडणाला तेवढी उंची नाही, पण जात तीच आहे.

'नातं' हा रकाना

आठ भाग झाल्यावर आम्ही माझ्या इमारतीतल्या बारा-पंधरा जणांना हॉलमध्ये बोलावून वाचन केलं. रात्रपाळी करणारी एक परिचारिका म्हणाली, "आमच्याकडे ड्युटी संपली की वॉर्डबॉयपासून सगळे विचारतात, पोचलात का. त्यात काय?" निवृत्त हवालदार काका म्हणाले, चिखलाचा सीन खरा वाटला, पण कांदळवनात रात्री जाताना अधिकारी बूट नाही, गमबूट मागतील. ते बदललं.

पण त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं बोलल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. म्हणाल्या, "लावून टाका की लग्न. तो एकटा, ती एकटी. उद्या ती आजारी पडली तर तिच्याजवळ कोण बसणार?"

हा प्रश्न मला घेऊनच बसला. क्रिएटिव्हचा प्रश्न बघणाऱ्यांच्या आवडीचा होता, आजींचा जगण्याचा होता. नवरा, भाऊ, मुलगा यांना आपल्याकडे जागा आहे. जोडीदाराला, वडिलांच्या अर्थाने, काय जागा आहे? मग नवव्या भागात एक सीन आला, तो माझ्या मते मालिकेतला सगळ्यात चांगला सीन आहे. वाशीच्या मुलाचं अपेंडिक्सचं दुखणं बळावतं. ती तेव्हा नाशिकला, एका साक्षीदाराकडे. मुलाला इस्पितळात घेऊन जातो ठाणे. खिडकीवरचा माणूस फॉर्म सरकवतो. 'रुग्णाशी नातं' असा रकाना. ठाणे पेन धरून थांबतो. संहितेत मी लिहिलंय, 'इथे घाई नको.' शेवटी तो लिहितो, 'आईचा सहकारी'. खिडकीवरचा म्हणतो, "साहेब, नातेवाईक लागेल." तो वाद घालत नाही. वर्दीचा धाक दाखवत नाही. वाशीच्या बहिणीला फोन लावतो, ती डोंबिवलीहून येईपर्यंत तिला पत्ता समजावतो, आणि बाकड्यावर जाऊन बसतो. वाशी पहाटे पोचते तेव्हा तो तिथेच असतो. आदल्याच भागात दोघं भांडलेली, अजून बोलणं नाही. ती त्याच्या शेजारी बसते. तो तिच्या हातात मुलाची चप्पल देतो.

आजींना दुसऱ्यांदा बोलावून हे वाचून दाखवलं. त्या लग्नाच्या बाजूनेच राहिल्या. पण म्हणाल्या, चप्पल ठेवा.

संगीत

एक गोष्ट सगळ्या लिहिणाऱ्यांसाठी सांगते, कारण मला ती फार उशिरा कळली. पडद्यावर प्रेम कागदावर कमी आणि संकलनाच्या टेबलावर जास्त तयार होतं. 'पोचलात का' या दोन शब्दांनंतर त्याचा चेहरा तीन सेकंद जास्त ठेवला, मागे बासरी टाकली, तिचं उत्तर वाचताना कोपऱ्यात हसू दाखवलं, की माझे संवाद काहीही म्हणोत, प्रेमच दिसणार. म्हणून मी सीनमध्येच लिहायला लागले. मेसेज पाठवताना दुसऱ्या हातात टॉवेल आहे. उत्तर आल्यावर तो मोबाइल चार्जिंगला लावतो. संगीत नाही, नळाचा आवाज. दिग्दर्शकाला हे आवडलं नाही, त्याच्या हद्दीत मी शिरले म्हणून. मी तेवढ्यापुरती माफी मागितली आणि ओळी तशाच ठेवल्या. त्याने नंतर नळाचा आवाज स्वतःहून पुढच्या सीनपर्यंत लांबवला.

तू

एका बाबतीत मात्र मी हरले, आणि हरले ते बरं झालं. दहाही भाग दोघांनी एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचं, हा माझा हट्ट होता. मराठीत बाई-पुरुष 'तुम्ही'वरून 'तू'वर आले की बघणारा गाठ मारून मोकळा होतो. वाशीचं काम करणारी अभिनेत्री पहिल्या वाचनाला म्हणाली, "मला आठव्या भागातल्या भांडणात 'तुम्ही' तोंडात येत नाहीये. एवढ्या रागात मी याला अहो-जाहो करत असेन, तर मी याला आपला मानलेलंच नाही." तिने तिथेच करून दाखवलं. "माझ्या केसमधला कागद लपवलास? माझ्यापासून?" खोलीत सगळे गप्प झाले. 'तू' प्रेमातून यायला हवा असं मीही नकळत धरून चालले होते. इथे तो रागातून आला, बरोबरीच्या हक्काने आला. आणि एकदा आलेला 'तू' परत जात नाही. नवव्या भागात बाकड्यावर दोघं एकमेकांना 'तू'च म्हणतात आणि त्याची वेगळी दखल कुणी घेत नाही.

निर्मितीने आता नऊ भाग आहेत तसे मान्य केले आहेत. सहाव्यातला मेसेज राहिला. भाऊबीज नाही. दहाव्याच्या शेवटी खटल्याचे कागद कोर्टात जातात, ठाण्याची बदली ग्रामीणला होते, दोघं विटाव्याच्या पुलापाशी उभ्या उभ्या चहा पितात आणि आपापल्या बाजूला निघतात. रात्री मेसेज येतो, या वेळी तिच्याकडून. "पोचलास का?"

या ओळीपुढे क्रिएटिव्हने समासात पेन्सिलने लिहिलंय, "ताई, इथे बोलू." परवा बसतोय आम्ही.